बुजवलेल्या पायऱ्या

उन्हाळा लागला की आमच्या दारात लंगडणारी माणसं यायला लागत. कुणी काठी टेकत, कुणी भावाच्या खांद्यावर भार टाकून, आणि कुणी करमाडच्या पलीकडून आलं तर त्याला बैलगाडीतून उतरवून घ्यावं लागे. सगळ्यांचं दुखणं एकच, नारू. नारू म्हणजे माणसाच्या अंगात वाढणारा, दोऱ्यासारखा बारीक आणि हातभर लांब जंत. पायाला फोड येतो, त्याची आग आग होते आणि फोड फुटला की आतून पांढरं टोक बाहेर डोकावतं. मग तो ओढून काढायचा, पण रोज थोडाथोडा. घाई केली की तुटतो. तुटला की पाय सुजतो, पिकतो, कधी कधी माणूसच हातचा जातो. आमच्या भागात नारू काढणारे बरेच होते, पण माझ्या वडिलांच्या हातून नारू तुटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. पुढं सगळं गावच त्यांना आबा म्हणायला लागलं. आमचं घर मेंढरांचं. चार तुकडे कोरडवाहू जमीन होती, पण पोट खरं चालायचं ते मेंढरांवर. नारू काढायची विद्या आबांनी त्यांच्या वडिलांकडून घेतली, तीही निजामाच्या काळात, भारताच्या फौजेनं पोलीस ॲक्शन करून ते राज्य संपवलं त्याच्या आधी. गावातली म्हातारी माणसं अजून सगळा काळ 'पोलीस ॲक्शनच्या आधी' आणि 'पोलीस ॲक्शनच्या नंतर' असाच मोजत, आणि आबांची ही विद्या आधीची असल्यामुळं तिला जरा जास्तच मान होता. मेंढीच्या लोकरीचा धागा आबा स्वतः वळायचे. त्या धाग्यानं नारूचं टोक तुराटीच्या बारीक काडीला बांधायचं, काडीला हलका पीळ द्यायचा, आणि काडी तिथंच पायावर फडक्यानं बांधून माणसाला घरी पाठवायचं. वर एरंडाचं पान, तेल लावून कोमट केलेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं, पुन्हा थोडा पीळ. या कामात आबांचा हात इतका सावकाश चाले की बघणाऱ्याला पेंग यावी.

आणि हे सगळं ते करायचे बारवेत. आमच्या गावाला पिण्याच्या पाण्याची ती एकच जागा होती, दगडी पायऱ्यांची खोल विहीर. उन्हाळ्यात पाणी तळाला जाई, तशा खालच्या पायऱ्या उघड्या पडत. आबा दुखणेकऱ्याला पाण्याजवळच्या पायरीवर बसवायचे आणि पाय पाण्यात सोडायला सांगायचे. पाय पाण्यात गेला की आग थांबायची, माणसाच्या तोंडावरचा ताण सैल व्हायचा, आणि थोड्या वेळानं नारू आपण होऊन डोकं बाहेर काढायचा. "बारवेचं पाणी नारूला बोलावतं," असं आबा म्हणायचे. ते खरंही होतं. मी स्वतः कितीदा पाहिलंय. पाण्यात पाय टाकल्याशिवाय नारू बाहेर यायला कुरकुरायचा, आणि पाण्यात टाकला की यायचा. डोळ्यांसमोर घडणाऱ्या या खऱ्या गोष्टीनंच आमचा घात केला.

पलीकडच्या पायरीवर त्याच वेळी बायका घागरी भरत असायच्या. दुखणेकऱ्याची विचारपूस करायच्या, कुणाच्या कुठं निघालाय, कितवा आहे, सगळं. घागरी भरून वर जायच्या. यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. माझ्याही नाही. उलट मला आबांचा गर्व होता. लग्नकार्यात त्यांना पहिल्या पंगतीला बसवत, बाजारात अनोळखी माणूस थांबून त्यांच्या पाया पडे. काम झालं की घेणं म्हणजे फक्त एक नारळ. आमच्या घरात खोबऱ्याची चटणी कधी कमी पडली नाही, आणि मी शाळेत त्याचा तोरा मिरवायची.

माझी एक मोठी बहीण होती. तिला मी आक्का म्हणायची. ती शाळेत गेली नाही, मेंढरांमागं गेली. तिच्यासारखं चालणारं माणूस मी नंतर पाहिलं नाही. डोक्यावर घागर, कमरेवर घागर, आणि बारवेच्या त्या उंच पायऱ्या ती बोलत बोलत चढायची. तिच्यामागं चालताना मला पळावं लागायचं आणि मी चिडायची. मग ती मुद्दाम आणखी जोरात चालायची. लासूर स्टेशनच्या बाजूचं एक स्थळ तिच्यासाठी बोलून ठेवलेलं होतं. आबा तिथल्या बाजारात कोकरं विकायला जायचे, तिथंच ओळख झालेली माणसं. मुलगा शांत होता, आणि एकदा बघायला आला तेव्हा आक्कानं त्याच्याकडं चांगलं नीट बघून घेतलं होतं. नंतर मला म्हणाली, "चालंल." आक्काच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

त्या थंडीत आमच्या गावात एक आरोग्यवाले साहेब यायला लागले. सायकलवरून यायचे, विजारीच्या पायाला चाप लावलेला, आणि कायम वैतागलेले. त्यांना गोड बोलता येत नव्हतं. बारवेजवळ उभं राहून त्यांनी बायकांना दटावलं, ते सुरुवातीलाच कुणाला आवडलं नाही. एक दिवस त्यांनी काचेच्या पेल्यात बारवेचं पाणी घेतलं आणि उन्हासमोर धरलं. पाण्यात बारीक बारीक ठिपके उड्या मारत होते. ते म्हणाले की नारूचा पाय पाण्यात गेला की नारू पाण्यात आपली पिल्लं सोडतो, हे ठिपके ती पिल्लं खातात, आणि तुम्ही ठिपके पिता. वर्षभर तो तुमच्या अंगात वाढतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पायातून निघतो. यावर औषध नाही. पायऱ्या बुजवा, विहिरीला कठडा करा, वरून रहाटानं पाणी ओढा, म्हणजे कुणाचा पाय पाण्याला लागणार नाही.

आबा पेल्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पाण्यात जीव असत्यातच की साहेब. आमच्या बापजाद्यांनी हेच पाणी पेलं."

"आणि त्यांनाही नारू झाला," साहेब म्हणाले. "तुमच्याकडं रांग लागते ना दरसाल? ती कुठनं येते, याचा विचार केला का कधी?"

हे आबांना लागलं. रांग हा त्यांचा मान होता, आणि या माणसानं तिचाच दोष काढला. त्यानंतर साहेब दिसले की आबा मेंढरांचं निमित्त काढून निघून जायचे.

गावाचं म्हणणं वेगळंच होतं. एका म्हाताऱ्या बाईनं चावडीत सगळ्यांसमोर सांगितलं की पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत गावातल्या बायका-पोरं याच पायऱ्यांवर, खालच्या कोनाड्यात, जीव मुठीत धरून लपली होती. "या पायऱ्यांनी आमाला वाचवलं, आन् तुमी त्या बुजवाय निघाले?" तिचं म्हणणं ऐकून भलेभले माना डोलवायला लागले. पण वरून मंजुरी आलेली होती, सिमेंट येऊन पडलं होतं, आणि सरपंचांना ते परत पाठवायचं नव्हतं. पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत उभी राहिली, कठडा झाला, रहाट बसला. जाताना साहेब चार माणसांसमोर म्हणाले, "येत्या उन्हाळ्यात नारू निघणारच आहे. तो आधीच अंगात शिरलेला आहे, तो भिंतीनं थांबायचा नाही. एक उन्हाळा कळ काढा." त्यानंतर त्यांची बदली झाली आणि ते पुन्हा आले नाहीत.

आक्काला रहाट आवडला होता. पहाटे सगळ्यांच्या आधी जाऊन ती पाणी ओढायची आणि रहाटाचा कुरकुर आवाज घरापर्यंत यायचा. बाकीच्या बायका मात्र कावल्या. पायऱ्यांवर एका वेळी कितीही जणी उतरायच्या, इथं एकीनं ओढेपर्यंत दुसरीनं उभं राहायचं. दोरखंड हाताला काचायचा. रोज भांडणं.

आणि उन्हाळा लागला तसा नारू निघाला. दर साली निघायचा तसाच. आमच्या दारात पुन्हा लंगडणारी माणसं आली. साहेबांचं शेवटचं वाक्य कुणाला आठवलं नाही, किंवा ज्यांना आठवलं त्यांनी ते सोडून दिलं. सगळ्यांना दिसत होतं ते एवढंच, की पायऱ्या बुजवल्या, बायकांचे हात सोलले, आणि नारू आहे तिथंच आहे. चावडीत बैठक बसली. शेवटी आबांना विचारलं. आबांच्या शब्दाला या बाबतीत डॉक्टरच्या वर वजन होतं.

आबा फार बोलले नाहीत. "नारूला बारवेचं पाणी लागतं," ते म्हणाले. "दुखणेकरी तळमळत्यात. पायऱ्या असत्या तर बरं होतं."

पुरे झालं तेवढं. दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं पहारी घेऊन गेली आणि भिंत मधोमध फोडली. दगड पाण्यात पडल्याचा आवाज मी मेंढरांच्या वाड्यात बसून ऐकला. संध्याकाळी कुणीतरी गूळ वाटला. दुसऱ्या दिवसापासून आबा पुन्हा खालच्या पायरीवर बसले, समोर दुखणेकरी, त्याचा पाय पाण्यात. माणसांच्या तोंडावर पूर्वीसारखं समाधान होतं. माझ्याही होतं, मला आबा परत त्यांच्या जागी दिसले होते. आक्का मेंढरं घेऊन दुपारची बारवेवर यायची, पायऱ्या उतरून ओंजळीनं पाणी प्यायची, आणि तोंडावर चार हबके मारून परत जायची.

त्यानंतरचा उन्हाळा आक्काच्या लग्नाचा. तारीख धरली होती, पत्रिका वाटून झाल्या होत्या, मायनं हळद दळून ठेवली होती. आणि एके सकाळी आक्का चुलीसमोरून उठताना थांबली. गुडघ्याच्या खाली, आतल्या बाजूला, फोड आला होता.

घरात कुणी घाबरलं नाही, हे मला आजही आठवतं आणि आजही त्रास देतं. नारू काढणाऱ्याच्या घरात नारूला कोण घाबरणार. माय एवढंच म्हणाली, "लग्नाच्या तोंडावर निघाला मेला." आबांनी आक्काला बारवेवर नेलं, पायरीवर बसवलं, पाण्यात पाय सोडायला सांगितला. टोक निघालं. लोकरीचा धागा, तुराटीची काडी, एरंडाचं पान. सगळं नेहमीसारखं. फक्त या वेळी दिवस थोडे होते. नारू पूर्ण निघायला जितके दिवस लागतात तितके लग्नाला उरले नव्हते, आणि पायाला काडी बांधलेली नवरी मांडवात उभी करायची म्हणजे सासरच्यांनी काय म्हणावं. मायनं आबांना रोज विचारायला सुरुवात केली, किती निघाला, किती राहिला. आबा आधी तिच्यावर खेकसायचे. मग खेकसायचे बंद झाले.

ते घडलं तेव्हा मी तिथंच होते. आक्का पायरीवर बसली होती, मी तिच्यामागं, तिची पाठ माझ्या गुडघ्याला टेकलेली. आबांनी पीळ दिला. नेहमी इथं ते थांबायचे. या वेळी त्यांनी आणखी थोडा दिला. काही आवाज झाला नाही. आबांचा हात एकदम हलका झाला एवढंच मला दिसलं. काडीवर लोंबत राहिलेला तुकडा त्यांनी बघितला आणि मग आक्काच्या तोंडाकडं बघितलं.

"काय झालं आबा?" आक्कानं विचारलं.

"काय नाय पोरी," आबा म्हणाले. "व्हईल बरं."

रात्रीपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला. दोन-चार दिवस घरचे उपाय झाले, लेप झाले, आणि ताप उतरेना तेव्हा करमाडच्या एका दुधाच्या जीपमधून तिला शहरात मोठ्या दवाखान्यात नेलं. जीपमध्ये आक्का मायच्या मांडीवर डोकं ठेवून होती आणि आबा मागं कॅनांमध्ये उभे होते.

दवाखान्यात आक्का बरेच दिवस होती. पाय चिरला, पू काढला, पुन्हा भरला, पुन्हा चिरला. त्या दिवसांतली एक गोष्ट मला इथं सांगायचीच आहे, कारण तिचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आमचं सगळं गाव तिला भेटायला आलं. खरंच सगळं. ट्रॅक्टरची ट्रॉली भरून माणसं आली, लोक एसटी बदलून आले, मेंढरं शेजाऱ्यावर सोपवली. मोसंब्या, नारळ, बिस्किटाचे पुडे यांचा खाटेखाली ढीग झाला. बायकांनी मायच्या गळ्यात पडून रडून घेतलं. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे वैर धरणं, त्यामुळं ज्यांच्याशी बांधावरून बोलणं नव्हतं तेही आले. ही माणसं मनानं चांगली होती, त्यांचे अश्रू खोटे नव्हते. पण त्याच माणसांनी रहाटापाशी आपली पाळी येईपर्यंत उभं राहायला नको म्हणून भिंत फोडली होती. आजारी माणसासाठी अख्खा दिवस मोडायला तयार, आणि माणूस आजारी पडू नये म्हणून घटकाभर थांबायला तयार नाही. तेव्हा मला हे असं शब्दांत सांगता आलं नसतं. तेव्हा मी नुसती मोसंब्यांकडं बघून संतापायची. आक्का त्या खातही नव्हती.

लासूरची मंडळीही आली. मुलाचे वडील, काका, आणि मुलगा. मुलगा दाराशीच उभा राहिला. आक्काचा पाय तेव्हा गुडघ्यातून वाकलेला होता आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की तो आता सरळ व्हायचा नाही. आक्कानं पांघरूण ओढून घेतलं. ती माणसं सभ्यपणे बसली, चहा घेतला, फळं ठेवली, आणि महिना उलटायच्या आत त्यांचा निरोप आला. त्यांना दोष देता येत नाही. मेंढरांच्या घरातल्या सुनेला चालावं लागतं.

निरोप आला त्या दिवशी दुपारी आबा दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसले होते. मी त्यांना भाकरी घेऊन गेले. भाकरी तशीच मांडीवर ठेवून ते बोलायला लागले, माझ्याशी की स्वतःशी ते कळलं नाही. "त्या साहेबानं सांगितलं व्हतं, वरीस लागतं म्हून. मागल्या उन्हाळ्यात भिंत फोडली. मी ठिवले पाय पाण्यात. येकाचा नाय, लई जणांचे. आन् दुपारची ही पोर तितंच येऊन पानी पेली." मग म्हणाले, "पेरलं मीच. उगवलं माझ्याच घरात."

आबांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. ज्या कामासाठी लोक त्यांच्या पाया पडत, त्याच कामानं गावातला नारू वर्षानुवर्षं जिवंत ठेवला होता, आणि हे त्या माणसाला आपल्या लेकीच्या पायावरून कळावं, याचं मला अतोनात दुःख होतं. बापाचा राग येण्यापेक्षा मला त्यांची कीवच जास्त आली, आणि कीव आल्याचं वाईट वाटलं.

आक्काला घरी आणलं त्याच आठवड्यात आबांनी पहार आणि घमेलं उचललं. एकट्यानं. फुटलेल्या भिंतीचे दगड पाण्यातून काढले, माती कालवली, आणि भिंत पुन्हा रचायला घेतली. सिमेंट नव्हतं, मातीतच रचली, पण आधीपेक्षा दुप्पट जाड. लोक कठड्यापाशी उभे राहून बघत. कुणी म्हणालं पोरीच्या दुःखानं डोकं फिरलं. ती म्हातारी बाई येऊन म्हणाली, "कामून करतो रं बाबा हे?" आबांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, "मावशे, या पायऱ्यांनी तुला वाचवलं. माझ्या लेकीचा पाय नेला." त्या बाईनं जाताना एक दगड त्यांच्या हातात दिला.

पुढच्या उन्हाळ्यात नारू पुन्हा निघाला, कारण तो आधीच अंगात होता. माणसं आली. आबांनी एकालाही बारवेकडं नेलं नाही. आमच्या अंगणात बसवून, घमेल्यात पाणी घेऊन पाय त्यात ठेवायला लावायचे, आणि काम झाल्यावर ते पाणी दूर माळावर, तापलेल्या खडकावर नेऊन ओतायचे. पोरासोरांनाही बारवेच्या बाजूला फिरकू द्यायचे नाहीत. लोक कुरकुरले, काही परत गेले, दुसऱ्या गावच्या नारू काढणाऱ्याकडं गेले. पुन्हा भिंत फोडायची भाषा झाली. तेव्हा आक्का उठली. काखेत काठी धरून, वाकडा पाय ओढत ती कठड्यापर्यंत गेली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. रोज सकाळी जायची आणि बसायची. तिला उठवून भिंत फोडायची हिंमत कुणाला झाली नाही. वाईट एवढंच वाटतं की तिचं म्हणणं ऐकायला लोकांना तिचा पाय बघावा लागला.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दारात कुणी आलं नाही. आबा सवयीनं काड्या तासून बसले होते. लोकरीचा धागा वळून ठेवलेला. ऊन चढलं, आंबे उतरले, मृग आला, आणि तो धागा तसाच राहिला. गावात कुणी म्हणालं नाही की यंदा नारू नाही. कोण म्हणणार. जो पाय दुखत नाही त्याच्याकडं कोण बघतं. पुढं सरकारी माणसं पाण्यात औषध टाकू लागली, आजूबाजूच्या गावांतल्या बारवाही बुजल्या, आणि नारू काढणाऱ्यांची गरजच उरली नाही. आबांना बाजारात थांबवून पाया पडणारं कुणी राहिलं नाही. त्यांना त्याचं काही वाटत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. ते अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांच्या पायांकडं बघत असायचे, एवढं मात्र मी पाहिलंय.

ते गेले तेव्हा गावातल्या माणसांनी त्यांच्याबद्दल चांगलं सांगितलं. अमक्याचा कसा काढला, तमक्याच्या दोन्ही पायांतून कसा काढला, हात कसा हलका होता. तासभर तेच चाललं होतं. भिंतीबद्दल कुणी शब्द काढला नाही. आक्का माझ्या शेजारी बसली होती, पाय एका बाजूला काढून, कारण तिला मांडी घालता येत नव्हती. ती फक्त म्हणाली, "लोकांना काढलेलंच आठवतं गं."

मी शिकले, शहरात शाळेवर लागले, हर्सूलला घर केलं. माय गेल्यावर आक्काला माझ्याकडं आणलं. तिनं लग्न केलं नाही, किंवा कुणी केलं नाही, काय म्हणायचं ते म्हणा. घरात ती बसल्या जागेवरून सगळं करायची, निवडणं, चिरणं, माझ्या मुलांना झोपवणं. चालताना कधी कुणाला सोबत घ्यायची नाही, मागं राहायची. कधीकाळी तिच्यामागं मला पळावं लागायचं, हे मी माझ्या मुलांना सांगायचे तेव्हा ती विषय बदलायची.

गेल्या पावसाळ्याच्या आधी तिचा दुसरा पाय दुखायला लागला. सगळा भार आयुष्यभर त्यानं एकट्यानं वाहिलेला. मी तिला दवाखान्यात नेलं. सकाळपासून बाकावर बसलो होतो, नंबर लागेना, आणि माझं तोंड बाकावरच्या बाकीच्यांसारखंच आंबट झालं होतं. आत एक तरुण डॉक्टर मुलगी होती, हुशार आणि दमलेली. तिनं दुखरा पाय तपासला आणि मग वाकडा पाय हातात घेतला. गुडघ्याखालचे जुने व्रण तिनं बोटानं चाचपले.

"आजी, हे कशानं झालं?"

"नारू निघाला व्हता," आक्का म्हणाली.

डॉक्टरनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "काय निघाला होता?"

"नारू," मी म्हणाले.

ती जरा ओशाळली. "मी कधी पाहिला नाही," ती म्हणाली. "शिकताना एका धड्यात होता बहुतेक. परीक्षेला येत नाही म्हणून आम्ही तो सोडूनच दिला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. जो पाय गेला, जो मांडव मोडला, जो बाप लिंबाखाली भाकरी तशीच मांडीवर घेऊन बसला, ते सगळं हिच्या लेखी सोडून द्यायचा धडा. मी काहीतरी लागेल असं बोलणार होते. पण आक्कानं माझा हात दाबला. मी तिच्याकडं बघितलं तर ती हसत होती. दात पडलेल्या तोंडानं, डोळ्यांत पाणी, आणि हसू थांबत नव्हतं. बारवेच्या पायऱ्या ती बोलत बोलत चढायची, तेव्हानंतर मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"नाय पाह्यला ना बाई?" ती डॉक्टरला म्हणाली. "एकदाबी नाय?"

"नाही आजी."

आक्कानं आपला वाकडा पाय दोन्ही हातांनी उचलला, हळूच खाली ठेवला आणि लुगडं त्यावर नीट ओढून घेतलं.